नियतकालिके व ग्राहकनिर्णय : ठाणे-कल्याण परिसर

एखाद्या नियतकालिकावर वाचकाचा दीर्घकाळ टिकून राहणारा विश्वास म्हणजे वाचकनिष्ठा होय. वस्तू किंवा सेवा निवडताना वाचक या विश्वासाचा आधार घेतो, तेव्हा वाचकनिष्ठेचे रूपांतर ग्राहकनिर्णयात होते. मराठीत ‘ग्राहक’ हा शब्द वर्गणी भरून अंक घेणाऱ्यास आणि बाजारात माल विकत घेणाऱ्यासही लावला जातो. या दोन भूमिकांमधील संबंध ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येतो.

मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये दर्पण सुरू केल्यानंतर मराठी वृत्तपत्रांचा प्रसार हळूहळू इतर गावी झाला. मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये व कल्याणपर्यंतचा १८५४ मध्ये खुला झाल्यामुळे हा परिसर मुंबईच्या बाजारपेठेशी व छापखान्यांशी जोडला गेला. असे असूनही ठाण्यात स्वतंत्र वृत्तपत्रे निघाली. त्यांत १८६६ मध्ये निघालेले अरुणोदय हे साप्ताहिक विशेष उल्लेखनीय असून सूर्योदयहिंदुपंच ही पत्रेही येथलीच होत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. वाचनालयात एकच अंक अनेकांच्या हाती जात असल्याने पत्राचा प्रभाव त्याच्या खपाच्या आकड्यावरून मोजता येत नसे.

त्या काळातील पत्रे वर्गणी व जाहिराती यांवर चालत. पुस्तके, औषधे इत्यादींच्या जाहिराती बातम्यांच्या शेजारीच छापल्या जात. संपादकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा वाचक तोच विश्वास नकळत जाहिरातीवरही ठेवी. १८६७ च्या कायद्याने वृत्तपत्रावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले. मजकूर कोणी छापला हे त्यामुळे वाचकास कळू लागले. परंतु मजकुरासाठी कोणी पैसे मोजले, हे कळण्याची सोय झाली नाही.

वाचकनिष्ठेचे सामर्थ्य १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत प्रकट झाले. केसरी व अन्य पत्रांनी कापड आणि साखर यांसारख्या नित्याच्या वस्तूंची खरेदी हा राष्ट्रीय कर्तव्याचा प्रश्न बनविला. किंमत व सुबकता यांपलीकडचा निकष ग्राहकापुढे ठेवण्याचे कार्य येथे नियतकालिकांनी केले. वाचकाने तो मानला, कारण पत्रकर्त्याचा त्यात खाजगी लाभ नाही अशी त्याची खात्री होती.

याहून निराळे उदाहरण किर्लोस्कर खबर या मासिकाचे आहे. किर्लोस्करवाडी येथे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ते सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ उद्देश होता. मात्र केवळ मालाची स्तुती वाचण्यासाठी कोणी अंक घेत नाही, हे ओळखून त्यात सामाजिक व वैचारिक मजकुराची भर घालण्यात आली आणि पुढे किर्लोस्कर या नावाने ते सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले. मासिकामागे कोणता उद्योग आहे, हे नावातच उघड असल्याने वाचकाची फसगत होत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात ठाणे परिसराचे औद्योगिकीकरण झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे औद्योगिक वसाहत ठाण्यातच आहे. डोंबिवली व कल्याण येथे मुंबईस नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या मध्यमवर्गाची वस्ती वाढली. १९७५ मध्ये ठाणे वैभव हे दैनिक सुरू झाले. त्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली व पुढे तिचे कार्य ठाणे, डोंबिवलीपर्यंत विस्तारले. शेजारच्या कुटुंबांचा संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी नोंदवावयाची आणि आलेला माल सभासदांनीच वाटून घ्यावयाचा, अशी तिची पद्धती आहे. ग्राहक तितुका मेळवावा हे पंचायतीचे मासिक होय. येथे वाचक व खरेदीदार एकच असल्याने वस्तूचा बरावाईट अनुभव सभासदांच्या चर्चेतून परस्परांस कळतो आणि जाहिरातीवरील अवलंबन कमी होते.

ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिची शिफारस करणाऱ्या व्यक्तीवरही दहा लाख रुपयांपर्यंत दंड बसविण्याची तरतूद केली. पुन्हा तसाच अपराध घडल्यास ही मर्यादा पन्नास लाखांपर्यंत जाते. विक्रेत्याशी असलेला आणि शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा संबंध उघड करावा, असे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. १८६७ च्या कायद्यात राहिलेली उणीव यामुळे बऱ्याच अंशी भरून निघाली.

वाचकनिष्ठा ही वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून निर्माण होते. ती मोबदल्यासाठी गुप्तपणे वापरली गेल्यास वाचकाचे नुकसान केवळ एका खरेदीपुरते राहत नाही; पुढील सत्य माहितीवरही तो विश्वास ठेवीनासा होतो. स्थानिक वृत्तपत्रांना आणि ग्राहकसंघटनांना याची झळ विशेष पोहोचते, कारण त्यांचे वाचक मर्यादित असून त्यांच्या विश्वासाखेरीज दुसरे भांडवल त्यांच्यापाशी क्वचितच असते.