जहागीर आणि बंदिवास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा फासे, कागद, पेन्सील आणि सूत्रधाराचे कथन एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या या क्रीडाप्रकारात राक्षसांना तोटा नव्हता. तोटा होता तो त्यांच्या पूर्वेतिहासाचा. भुयाराचे एक दार उघडावे तो अजस्र सर्प, दुसरे उघडावे तो पिशाच. ते तेथे का आले, याची विचारपूस करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नसे.

ही उणीव ट्रेसी हिकमन यांना जाणवली, ती खेळता खेळता अशाच एका भुयारात रक्तपिपासू पिशाचाशी त्यांची अकस्मात गाठ पडली तेव्हा. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’ने ज्या जातीच्या पिशाचाला किल्ला आणि कुलाभिमान बहाल केला होता, ते येथे वाटेवरच्या चोरासारखे बेवारस भटकत होते. ट्रेसी आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनी त्याला स्वतंत्र कथानक दिले, ते कित्येक वर्षे हॅलोवीनच्या सुमारास खेळून पारखले, आणि 1983 साली टीएसआर कंपनीने ते ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावाने छापले.

त्यातील काउंट स्ट्राड हा बारोव्हिया नामक डोंगरी मुलखाचा अधिपती. तारुण्य युद्धांत खर्ची पडलेल्या या सरदाराने धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूचा अभिलाष धरला, मृत्यूशी करार केला, विवाहाच्या दिवशीच भावाचा वध केला. आणि त्या तरुणीने तटावरून उडी घेतल्यामुळे त्याच्या पदरी उरले ते केवळ अमरत्व. डेव्हिड सदरलंड यांनी स्ट्राडच्या किल्ल्याचे नकाशे तिरकस कोनातून असे काढले की, कोणता जिना कोणत्या मजल्यावर निघतो हे डोळ्यांना दिसावे. पत्त्यांच्या जोडातून भविष्य पाहण्याची योजना तर विलक्षणच : तलवार, पवित्र चिन्ह आणि स्ट्राडची रोजनिशी कोठे दडली आहे, एवढेच नव्हे, तर खुद्द स्ट्राडचा हेतू काय, हेही पानांवरून ठरत असल्यामुळे तोच किल्ला पुन्हा खेळताना निराळा भासे.

1990 साली ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी ‘रेल्म ऑफ टेरर’ या संचात या एका जहागिरीचे अनेक मुलूख केले. प्रत्येक मुलखावर एका पातक्याचा अंमल, सरहद्दीवर धुके, आणि त्या अंमलदारालाच सरहद्द ओलांडण्याची मनाई, असा तेथील कायदा होता. प्रजेवर हुकूमत गाजवणारा धनीच आपल्या दौलतीत कैदी व्हावा, आणि त्याला हवे ते नेमके त्याच्या हाती लागू नये, ही शिक्षेची रचना मुलखाच्या भूगोलातच गोवलेली होती. भीती आणि दहशत यांनी पात्राचा धीर खचतो की नाही, हे फाशांनी ठरवण्याचे नियमही या संचात होते.

पुढे 1997 मध्ये टीएसआर ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीच्या ताब्यात गेली; आणि 2016 साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हा ग्रंथ निघाला, तो मूळच्या बारोव्हियाचाच विस्तार होता. मुलूख कितीही वाढवता येतात. परंतु भयाची भूमी रचणाऱ्याने नकाशाला हात घालण्यापूर्वी तेथील धन्याच्या अपराधाचे दप्तर सिद्ध करावे, हा हिकमन दांपत्याने घातलेला पायंडाच या परंपरेची खरी मिळकत होय.