रंगकर्मींच्या संघटना : परिषद उभी राहिली, कामगार संघ मागे पडला

अचलपूर : परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या मार्गावरील बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. एकेकाळी या यात्रेत तमाशाचे फड उतरत असत. यात्रा रद्द झाली किंवा ठरलेली बिदागी मिळाली नाही, तर कलावंताने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न वऱ्हाडातील लोककलावंतांपुढे तेव्हाही होता आणि आजही आहे. गिरणी कामगाराला संघटनेचा आधार मिळाला. रंगमंचावर राबणाऱ्याला तो क्वचितच लाभला.

पाश्चात्त्य देशांतील लढे

लंडनमध्ये १९०६ साली 'व्हरायटी आर्टिस्ट्स फेडरेशन' ही करमणूक कलावंतांची संघटना स्थापन झाली. जादा खेळांचा मोबदला आणि जाचक करार या प्रश्नांवर १९०७ च्या जानेवारीत तेथील म्युझिक हॉलमधील कलावंतांनी संप केला. लोकप्रिय गायिका मेरी लॉइड यांनी त्याला पाठिंबा दिला आणि लवादामार्फत तडजोड झाली. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली 'अ‍ॅक्टर्स इक्विटी असोसिएशन'ची स्थापना झाली. विनावेतन तालमी अमर्याद चालत आणि दौऱ्यावर नाटक बंद पडल्यास नटांना परगावीच सोडून दिले जाई. त्याविरुद्ध ऑगस्ट १९१९ मध्ये पुकारलेला संप ३० दिवस चालला. अखेर निर्मात्यांना संघटनेस मान्यता द्यावी लागली.

मराठी रंगभूमीची वेगळी वाट

महाराष्ट्रात संघटनेचा विचार याच सुमारास रुजला. मात्र त्याचे रूप निराळे होते. १९०५ साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी अमरावतीचे नामवंत वकील दादासाहेब खापर्डे होते. यातून पुढे आलेली अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद ही नाटककार, नट, मंडळ्यांचे चालक आणि नाट्यरसिक या सर्वांना एकत्र आणणारी संस्था होय. वेतनाची बोलणी करणारा कामगार संघ असे तिचे स्वरूप नव्हते.

याचे एक कारण नाटक मंडळ्यांच्या रचनेत सापडते. न्यूयॉर्कमध्ये इक्विटी स्थापन झाली त्याच १९१३ साली बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. येथे प्रमुख नटच मालक होते. पगारी नट मंडळीच्या बिऱ्हाडी राहत व तिच्याच पंगतीत जेवत. मालक आणि नोकर असे दोन स्पष्ट पक्षच उभे राहिले नाहीत. तमाशात तर फडमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यातच कलावंताचा हंगाम सरे.

कायद्याची चौकट

चित्रपट कलावंतांनी १९५८ साली आपली संघटना कामगार संघ म्हणून नोंदविली. १९८१ साली केंद्राने चित्रपट कामगार व चित्रपटगृह कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. रंगमंच त्याच्या कक्षेबाहेर राहिला. या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' ही व्यापक संज्ञा आली आणि मालिका, वेबमालिका यांतील कलावंतांचा समावेश झाला. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तीतही प्रत्यक्ष रंगमंचावर होणारा प्रयोग या संज्ञेत बसत नाही.

त्याहून मोठा अडसर सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील निर्णयाने उभा केला. भोपाळच्या भारत भवनातील नाट्यकलावंतांच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, नाटकात काम करणारा कलावंत सर्जनशील कार्य करतो. म्हणून औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने तो 'कामगार' ठरत नाही. त्यामुळे कामावरून कमी केल्यास गिरणी कामगाराला उपलब्ध असलेला कामगार न्यायालयाचा मार्ग नटासाठी बंद झाला. मराठी रंगभूमीवर पडद्यामागील मंडळींचा रंगमंच कामगार संघ आहे. तो प्रामुख्याने मुंबईच्या व्यावसायिक नाटकांपुरता आहे.

मानधनाचा आधार

ग्रामीण कलावंतांसाठी उरते ती शासनाची मानधन योजना. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मिळणारे हे मानधन २०२४ मध्ये सरसकट दरमहा ५ हजार रुपये करण्यात आले. तथापि ते पन्नाशीनंतरच मिळते. २०२० मध्ये करोनामुळे यात्रा-जत्रा थांबल्या, तेव्हा उमेदीच्या वयातील कलावंतांचे उत्पन्न एकाएकी बुडाले. पुढे प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर झाली. पण बुडालेल्या सुपाऱ्यांची भरपाई मागण्यासाठी अनेकांच्या हाती लेखी करारच नव्हता.

लंडन आणि न्यूयॉर्क येथील कलावंतांनी न्याय्य व सर्वांना समान लागू होणारा लेखी करार हीच मागणी लावून धरली होती. मानधन वाढले, तरी वऱ्हाडातील कलावंतांसाठी ती मागणी अद्याप अपुरीच आहे.