सौंसरचा बाह्यरुग्ण आणि राज्याची सीमा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सावनेर मागे टाकून मध्य प्रदेशात शिरतो आणि सौंसरला पोहोचतो. पाट्या हिंदीत होतात, बाजारातली बोली मराठीच राहते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा हे मराठी तालुके छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. आजारी माणसाचा प्रश्न मात्र जुनाच आहे: उपचारासाठी जायचे कोणत्या दिशेला?

छिंदवाड्यात २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण वाटेत घाट चढावा लागतो. नागपूरचा रस्ता सपाटीचा. शिवाय तिथे मेडिकल, मेयो आणि आता एम्स, अशी मोठी इस्पितळे आहेत, आणि डॉक्टरांशी मराठीत बोलता येते. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभर चालत असल्याने योजनेतील इस्पितळात दाखल होणाऱ्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सीमेपलीकडेही मिळते.

अडचण दाखल होण्याच्या आधी आणि नंतर येते. ही योजना बाह्यरुग्ण तपासणीसाठी नाही. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस तिच्यात धरले जातात. पुढे रक्तदाब, मधुमेह किंवा सिकलसेलचा रुग्ण वर्षानुवर्षे जी तपासणी करून घेतो, तिचा भार त्याच्यावरच. सरकारी इस्पितळात केसपेपरला फारसे पैसे लागत नाहीत, हे खरे. पण बसभाडे, सोबत येणाऱ्याचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी कोणत्याच कार्डात बसत नाही. तपासणी चुकते ती इथे.

दूरवैद्यक सेवेचा खरा उपयोग याच टप्प्यावर आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. घरून मोबाईलवर सल्ला घेता येतो; पण खेड्यासाठी तिचा दुसरा प्रकार अधिक मोलाचा. आरोग्य उपकेंद्रातील कम्युनिटी हेल्थ ऑफिसर रुग्णाचा रक्तदाब आणि साखर तपासतो, नोंदी संगणकावर भरतो आणि दूरच्या डॉक्टरशी समोरासमोर बोलणे करून देतो. औषधचिठ्ठी तिथेच उमटते. उपकेंद्रात ते औषध शिल्लक नसेल, तर मात्र ही सारी यंत्रणा कागदाच्या एका तुकड्यापुरती उरते.

नागपूरच्या डॉक्टरने सौंसरच्या रुग्णाला असा सल्ला देण्यास कायद्याची आडकाठी नाही. मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो; गुंगी आणणारी व कडक नियंत्रणाखालील काही औषधे तेवढी त्याला लिहिता येत नाहीत. अडथळा आहे तो रचनेचा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने उपकेंद्रे कोणत्या इस्पितळाशी जोडायची, हे त्या त्या राज्याची आरोग्य यंत्रणा ठरवते. ज्याची शस्त्रक्रिया नागपुरात झाली, त्याच्या पुढच्या सल्ल्याची वाट राज्याच्या जोडणीने जाते.

गोव्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. बांबोळीच्या गोमेकॉत सिंधुदुर्ग आणि कारवारचे रुग्ण पूर्वापार येतात. २०१८ च्या आरंभी परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्याचे तीव्र पडसाद उमटले. रुग्ण जवळचे आणि भरवशाचे इस्पितळ पाहतो, राज्य नंतर.

दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी करार करून सौंसर-पांढुर्ण्याची काही उपकेंद्रे ठरावीक दिवशी नागपूरच्या एखाद्या बाह्यरुग्ण विभागाशी जोडणे, हा त्यावरचा सरळ उपाय. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक असेल, तर रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी दुसऱ्या राज्यातील डॉक्टरला पाहता येतात. भाषेचा प्रश्न उरतो तो गोंड वस्त्यांपुरता; तिथे मराठी डॉक्टरपेक्षा गोंडी समजणारी आशा कार्यकर्ती शेजारी बसलेली बरी.

पोट दाबून पाहणे, छातीचा ठोका ऐकणे पडद्यावरून जमत नाही. सर्पदंश झालेल्या किंवा छातीत कळ आलेल्या माणसाला उपकेंद्रातल्या पडद्यासमोर बसवून ठेवणे धोक्याचे. त्याला गाडीच हवी. महिन्याकाठी एक गोळी बदलून घेण्यासाठी नागपूरची बस धरणाऱ्याला मात्र त्या दिवशी बागेतल्या संत्र्यांच्या तोडणीला जाता येईल.