कडहेवर पडलेलं केरोसीन

तारीख १४ जानेवारी २०२०. तुम्ही लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला, कडहे नावाच्या दाटीवाटीच्या लहानशा शहरात उभे आहात. समोर पार्क अव्हेन्यू प्राथमिक शाळेचं पटांगण आहे. दुपारचे बारा वाजायला थोडाच अवकाश आहे. मुलं बाहेर आहेत आणि आरडाओरड्यात स्पॅनिश शब्दच जास्त ऐकू येतात. डोक्यावरून विमानं जाणं इथं रोजचंच. लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळावर उतरणारी विमानं पूर्वेकडून याच बाजूनं येतात, म्हणून कुणी मान वर करत नाही.

हे विमान मात्र वेगळं आहे. जेमतेम २,३०० फुटांवरून जाताना त्याच्या दोन्ही पंखांमागे पांढरे पट्टे लांबत चालले आहेत. क्षणभरानं बारीक थेंब अंगावर येतात. काही मुलांना वाटतं, पाऊस आला. मग वास येतो, रॉकेलच्या स्टोव्हजवळ येतो तसा, पण कितीतरी उग्र. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. शिक्षक मुलांना आत घेतात, अग्निशमन दल येतं, साबण आणि पाण्यानं हातपाय धुतले जातात. कडहेत आणि आसपासच्या इतर शाळांत मिळून पन्नासहून अधिक मुलांना व मोठ्यांना त्रास होतो. सुदैवानं कुणालाही रुग्णालयात हलवावं लागत नाही. ही तीच शाळा आहे जी जुन्या कचराभूमीवर बांधली गेली होती आणि १९८९ मध्ये जमिनीतून डांबरासारखा चिकट गाळ वर येऊ लागल्यानं कित्येक महिने बंद ठेवावी लागली होती. तेव्हा विष खालून आलं होतं, आज ते वरून आलं.

आता वेळ साधारण पंचवीस मिनिटं मागे न्या आणि त्याच विमानात या. डेल्टा कंपनीचं बोइंग ७७७ शांघायला निघालं आहे. पॅसिफिक ओलांडायचा असल्यानं टाक्या भरलेल्या आहेत. धावपट्टी सोडून विमान पश्चिमेला समुद्रावर येतं न येतं तोच उजव्या इंजिनात कॉम्प्रेसर स्टॉल होतो, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा प्रवाह विस्कटतो आणि इंजिन धडाधड आवाज करत धक्के देतं. वैमानिक परत फिरायचं ठरवतात. नियंत्रक विचारतो, घिरट्या घालायच्या आहेत का, इंधन सोडायचं आहे का? उत्तर येतं, नाही. इंजिन आटोक्यात आहे, परिस्थिती निकराची नाही.

हे उत्तर लक्षात ठेवा.

इंधन सोडावंच का लागतं, हे कळायला याच विमानाचं वजन पाहा. या जातीचं ७७७ सुमारे २९७ टन वजन घेऊन उडू शकतं. मात्र नेहमीसारखं उतरायचं तर वजन सुमारे २१३ टनांच्या आत हवं. मधल्या चौऱ्याऐंशी टनांचा मोठा भाग वाटेत जळून जाणार, हे गृहीत धरूनच विमान बांधलेलं असतं. शांघायपर्यंत तेरा-चौदा तासांत ते आपोआप होतं. पंचवीस मिनिटांत परतायचं तर होत नाही. विमानाची चाकं आणि सांगाडा कमाल उतरण-वजनाला सेकंदाला १० फूट वेगानं जमिनीवर टेकण्याचा धक्का सोसतील, असं गणित असतं. पूर्ण भरलेल्या वजनाला हीच मर्यादा सेकंदाला ६ फुटांवर येते. शिवाय जड विमानाला उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, धावपट्टी जास्त लागते, ब्रेक लालबुंद तापतात. आणि उतरणं फसून पुन्हा वर जायची वेळ आली, तर एका इंजिनावर ते वजन उचलता आलं पाहिजे. अमेरिकी नियमाचा गाभा हा शेवटचा मुद्दाच आहे. भरल्या वजनात, फक्त पंधरा मिनिटांचं इंधन कमी धरून, जे विमान पुन्हा वर चढण्याची ही परीक्षा पास होतं त्याला इंधन सोडण्याची यंत्रणा बसवणं सक्तीचं नाही. म्हणूनच मुंबई-नागपूर फेरी मारणाऱ्या ए-३२० किंवा ७३७ मध्ये ती नसते. मुंबईहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या ७७७ मध्ये असते.

ती चालते कशी, तेही बघून घ्या. वैमानिकांच्या डोक्यावरच्या फलकावर कळा आहेत. एक कळ यंत्रणा सज्ज करते आणि मग दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या तोट्या उघडल्या जातात. टाक्यांतले पंप इंधन नळीत ढकलतात. उतरण्यापुरतं वजन राहावं म्हणून किती इंधन शिल्लक ठेवायचं, याचा हिशेब यंत्रणा स्वतः करते. या उड्डाणात सुमारे १५,००० गॅलन, म्हणजे जवळजवळ ५७,००० लिटर, पंचेचाळीस टनांच्या आसपास केरोसीन बाहेर गेलं.

पाच-सहा हजार फुटांच्या वर हेच इंधन सोडलं असतं तर वेगवान हवेनं त्याचा धुरळा केला असता आणि जमिनीवर येईपर्यंत बहुतेक सगळं उडून गेलं असतं. यासाठीच्या पद्धती ठरलेल्या आहेत. वस्ती टाळायची, शक्यतो समुद्र गाठायचा. नियंत्रक त्या विमानाला वाटेतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान २,००० फूट वर ठेवतो, इतर विमानांना दूर ठेवतो आणि इंधन सोडलं जात असल्याची सूचना दर तीन मिनिटांनी रेडिओवर देत राहतो. पण यातलं एकही पाऊल त्याला सांगितल्याशिवाय पडत नाही.

सांगणारे वैमानिक कसे असतात, हे पाहायला आणखी मागे चला. २ सप्टेंबर १९९८, रात्री सव्वादहा, कॅनडाचा नोव्हा स्कोशिया किनारा. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ च्या कॉकपिटमध्ये धूर आहे. हॅलिफॅक्सची धावपट्टी तीस सागरी मैलांवर आहे, पण विमान उंच आहे आणि वजन २३० टन, उतरण्याच्या मर्यादेच्या पलीकडे. खाली येण्यासाठी आणि इंधन सोडण्यासाठी जागा हवी, हे वैमानिक सांगतात. नियंत्रक त्यांना दक्षिणेला, सेंट मार्गारेट्स उपसागराकडे वळवतो. १० वाजून २४ मिनिटांनी ते आणीबाणी जाहीर करतात, इंधन सोडायला लागल्याचं कळवतात आणि तातडीनं उतरायला हवं म्हणतात. १० वाजून ३१ मिनिटांनी विमान पेगीज कोव्हजवळ समुद्रात कोसळतं. विमानातले सगळे २२९ जण जातात. इंधनाच्या नादात वेळ दवडला, असं पुढे कितीजण म्हणाले. कॅनडाच्या तपास मंडळानं चार वर्षांहून जास्त काळ अवशेष जोडून पाहिले. थेट धावपट्टीकडे निघाले असते तरी आग इतक्या झपाट्यानं वाढली की सुखरूप उतरणं शक्य नव्हतं, हे त्यांनी २००३ मध्ये नोंदवलं. त्या दोन वैमानिकांवरचा हा आरोप आता तरी थांबायला हवा. छताआड आग पसरत असतानाही ते समुद्राकडे वळले, आणि काय करतोय ते सांगत राहिले.

लॉस एंजेलिसच्या त्या दुपारी विमानात आग नव्हती. प्रशांत महासागर नुकताच मागे पडला होता. एका इंजिनाच्या बिघाडानंतर दोन माणसांवर किती कामं एकदम येऊन पडतात याची मला कल्पना आहे, आणि जड विमान हलकं करण्याचा त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. गरज पडली तर जास्त वजनानं उतरायलाही परवानगी असते, फक्त नंतर विमानाची कसून तपासणी होते. चूक आहे ती रेडिओवरच्या त्या नकाराची. पुढे बेत बदलला असेल, तर तो बदल पाच सेकंदांत सांगता आला असता. नियंत्रकानं त्यांना समुद्रावर, उंचीवर ठेवलं असतं आणि कडहेतल्या मुलांना त्या विमानाचा पत्ताही लागला नसता.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टानं इंधन पडलेल्या भागातल्या लोकांचा सामूहिक दावा मिटवण्यासाठी सुमारे ७.९ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.