बिअरचा हंडा आणि त्याचे विकार

मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजेच माल्टपासून, काढलेला गोड रस हॉप्स या वेलीच्या फुलांसह तासभर खळखळून उकळणे ही बिअर बनवण्यातील मधली पायरी होय. या उकळीत हॉप्समधील आम्लांचे रूप बदलून रसाला कडवटपणा येतो, जंतू मरतात, प्रथिने साकळून तळाशी बसतात आणि नकोसे वास वाफेबरोबर निघून जातात. ज्या भांड्यात हे घडते त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रत्येक काळाने मागच्या भांड्याचा एक दोष दूर केला आणि त्याच्या जागी दुसरा पत्करला.

धातूचे मोठे भांडे महाग होते तोवर लाकडी पिंपांवर भागवावे लागे आणि लाकूड चुलीवर चढवता येत नसे. ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांतात यावर तोडगा म्हणून विस्तवात लाल केलेले दगड रसात टाकत आणि त्यातून होणारी ‘स्टाइनबिअर’ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. मात्र प्रत्येक दगड हे तापणे-निवणे सोसत नसल्याने न तडकणारा दगड पारखून घ्यावा लागे आणि रसातील साखर त्यावर करपून बसे.

पंधराव्या शतकात हॉप्सची बिअर नेदरलंड्सच्या बाजूने येऊन इंग्लंडमध्ये रुजू लागली, तेव्हा दीर्घ उकळीसाठी तांब्याचा हंडा अपरिहार्य ठरला. तांबे उष्णता चटकन पसरवते. तरीही खाली थेट जाळ असला की तळाचा गाळ लागून रस करपतो, म्हणून मोठ्या कारखान्यांत तळाशी साखळ्या फिरवून तो सतत ढवळत ठेवीत. पुढे दुहेरी भिंतींच्या पोकळीत वाफ खेळवण्याची पद्धत आली. वाफेचे तापमान जाळापेक्षा कितीतरी कमी असल्याने करपण्याचे भय ओसरले, परंतु वाफेसाठी स्वतंत्र बॉयलर लागत असल्याने ही सोय घरगुती बिअरपर्यंत पोहोचली नाही.

ब्रिटनमध्ये 1880च्या कायद्याने घरी बिअर करण्यास परवाना आवश्यक केला आणि तो 1963 साली उठला. अमेरिकेत संघराज्याची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केली. त्यानंतर स्वयंपाकघरात आलेले भांडे बहुधा एनॅमलचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असे. एनॅमलचा टवका उडाला की आतले लोखंड गंजते. स्टील गंजत नाही, पण ते तांब्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे बर्नरच्या नेमक्या वर तळ लागतो. घरगुती शेगडीला 19 लिटर रस खळखळता ठेवणे जड जाई, म्हणून अनेकांनी निम्माच रस उकळून नंतर पाणी घातले, तर काहींनी बिअरचे रिकामे स्टीलचे पिंप कापून ते गॅसच्या मोठ्या बर्नरवर चढवले.

विजेच्या कॉइलने जाळ भांड्याच्या आत आणला. ब्रिटनमधील साध्या प्लगवर सुमारे 3 किलोवॅट मिळतात, तर अमेरिकेतील 120 व्होल्टच्या जोडणीवर 1.8 किलोवॅटच्या आसपास. त्यामुळे तीच उकळी अमेरिकेत मंदावते. लहान कॉइलमधून जास्त शक्ती सोडल्यास तिच्यावर प्रथिने व साखर यांचा थर करपतो, त्याखाली धातू अधिक तापतो आणि सुरक्षेचा स्विच वीज तोडतो. मंद उकळीला जोर यावा म्हणून झाकण ठेवले, तर फिकट माल्टमधून निघणारे डायमिथाइल सल्फाइड हे शिजलेल्या मक्याच्या वासाचे द्रव्य आतच अडकते; शिवाय प्रथिनांचा फेस दाटून रस दुधासारखा उतू जातो, विशेषतः हॉप्स टाकताच.

या साऱ्या तक्रारी भांड्याच्या दोनच जागांशी जोडलेल्या आहेत : उष्णता रसात शिरते तो पृष्ठभाग आणि वाफ बाहेर पडते ते तोंड. तळ वा कॉइल खरवडून स्वच्छ ठेवणे, पहिल्या उकळीला ढवळणे, भांड्याचा चौथा हिस्सा रिकामा राखणे आणि झाकण उघडे ठेवणे हे घरगुती उपाय या दोन जागाच सांभाळतात.