स्नायुवाढीसाठी सेटची संख्या

एकाच व्यायामाच्या सलग केलेल्या आवर्तनांना, म्हणजे रेप्सना, मिळून सेट म्हणतात. वजन खाली ठेवून दम खाल्ला की पुढचा सेट. स्नायूंचा आकार वाढवायचा तर असे सेट किती करावेत, याचा हिशेब हल्ली व्यायामागणिक न मांडता एकेका स्नायूगटाचा आठवड्याचा मांडतात. सर्वसाधारणपणे १० ते २० सेट सांगितले जातात. या आकड्यात नेमके कोणते सेट धरायचे हे मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि घोळ तिथेच होतो.

‘दहाचे तीन सेट’ हा व्यायामशाळांतला ठरलेला पाठ अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांच्या कामातून रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पायांत पुन्हा बळ यावे म्हणून ते आधी दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट करून घेत. एवढ्यांची गरज नाही असे दिसल्यावर १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी तीन सेटची पद्धत मांडली. जेमतेम दहा रेप्स निघतील असे वजन ठरवायचे. त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. आजच्या मोजणीत यातला शेवटचाच धरला जाईल, आधीचे दोन वॉर्मअपमध्ये जातील. १९७० च्या दशकात नॉटिलस यंत्रांचे जनक आर्थर जोन्स यांनी दुसरे टोक गाठले: स्नायू पुरता हार मानेपर्यंत केलेला एकच सेट पुरे. तालमीतल्या जोर-बैठकांची मोजदाद या वादापासून दूरच राहिली. तिथे एकूण आकडा महत्त्वाचा.

ब्रॅड शोनफेल्ड, डॅन ऑगबोर्न आणि जेम्स क्रीगर यांनी १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तो २०१७ मध्ये छापून आला. आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांत स्नायूंची वाढ सरासरी ५.४ टक्के, पाच ते नऊ सेटना ६.६ टक्के आणि दहा किंवा अधिक सेटना ९.८ टक्के आढळली. सेट वाढवले की वाढ वाढते, हा अर्थ सगळ्यांनीच घेतला. चार सेटांतही निम्म्याहून अधिक काम होते, हा अर्थ फारसा कोणी घेत नाही. नोकरी सांभाळून व्यायाम करणाऱ्याला तोच अधिक उपयोगी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोनफेल्ड यांच्याच प्रयोगात ३४ सरावलेल्या पुरुषांनी आठ आठवडे प्रत्येक व्यायामाचे एक, तीन किंवा पाच सेट केले. आकार बहुतेक ठिकाणी पाच सेटवाल्यांचा जास्त वाढला. ताकद मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. एक सेटवाल्यांचे एका दिवसाचे काम सुमारे १३ मिनिटांत आटोपत असे, पाच सेटवाल्यांना तासाहून अधिक वेळ लागे.

मोजण्याजोगा सेट ओळखता येतो. साठ किलोच्या बेंचप्रेसमध्ये पहिले सहा-सात रेप्स एका लयीत जातात. आठव्याला बार छातीवरून उठताना रेंगाळतो, नवव्याला मध्येच अडतो. आणखी एक-दोनच रेप्स निघतील, फार तर तीन, अशा टप्प्यावर थांबवलेला सेट धरावा. याच वजनाचे पाच रेप्स करून बार रॅकवर ठेवला तर तो हिशेबात येत नाही. दर सेट हार मानेपर्यंत नेण्याचीही गरज नसते. तसे केल्यास पुढच्या सेटांतले रेप्स घटतात. दोन सेटांमधली विश्रांती फार तोकडी ठेवल्यासही तेच होते. अवजड व्यायामांत दोन-तीन मिनिटे थांबणे हिताचे.

बेंचप्रेसमध्ये छातीबरोबर ट्रायसेप्सही राबतात, पुलअपमध्ये पाठीबरोबर बायसेप्स. अशा दुय्यम स्नायूसाठी तो सेट अर्धा धरण्याची रीत आहे. छातीचे १२ सेट झाले की ट्रायसेप्सच्या खात्यात सहा आपोआप जमा होतात. हे न धरता दंडांसाठी वेगळे २० सेट मारणाऱ्याचे कोपर आधी बोलू लागतात.

नवख्याला सुरुवातीचे काही महिने आठवड्याला चार ते आठ सेटही भरपूर होतात. पुढे वाढ थांबली, आणि झोप व प्रथिने पुरेशी असली, तरच एखाद-दोन सेटांनी आकडा चढवावा. दहाच्या वर गेल्यावर ते दोन दिवसांत विभागणे सोयीचे, कारण एकाच बैठकीतले शेवटचे सेट थकलेल्या स्नायूने, हलक्या वजनाने उरकले जातात. रेप्स घटू लागले, सांधे ठणकू लागले, तर आठवडाभर सेट निम्म्यावर आणतात.