कंपवातावर खाजकुयली : मुंबईतील चाचण्यांतून काय हाती लागले?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळा सरल्यावर झुडपांवर चढलेल्या एका वेलीच्या शेंगांना माहीतगार माणूस हात लावीत नाही. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की सुटणारी खाज लवकर थांबत नाही. शाळकरी मुलांच्या खोड्यांमुळे अनेकांना ठाऊक झालेली हीच ती खाजकुयली. संस्कृतात तिला कपिकच्छू आणि आत्मगुप्ता अशी नावे आहेत, तर तिच्या बिया आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत कवचबीज म्हणून मिळतात. कंपवात, अर्थात पार्किन्सन्स, या मेंदूच्या ऱ्हासजन्य विकारावर या बियांच्या चूर्णाचा उपयोग होतो काय, याचा आधुनिक वैद्यकाच्या कसोट्यांवर शोध घेण्याचे काम मुंबईत १९७०च्या दशकातच सुरू झाले होते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मध्यमेंदूच्या एका लहानशा काळसर भागातील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. त्या हळूहळू मरू लागल्या की हात थरथरतो, स्नायू ताठरतात, चाल मंदावते. बाहेरून डोपामिन देऊन ही उणीव भरून काढता येत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचे पूर्वरूप असलेले एल-डोपा मात्र शिरते. व्हिएन्नात १९६१ मध्ये बिर्कमायर आणि होर्नीकीविच यांनी ते रुग्णांना टोचून पाहिले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी पोटात घेण्याच्या मोठ्या मात्रांनी रुग्ण चालते केले, आणि कंपवाताच्या उपचारांचा पाया घातला गेला. गंमत अशी की, मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा १९३७ मध्येच वेगळे केले होते. त्या वेळी मेंदूतील डोपामिनचे कार्यच कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे तो शोध प्रदीर्घ काळ रसायनशास्त्राच्या कपाटातच राहिला.

मुंबईला या विकाराची ओळख नवी नाही. शहरातील पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४,०१० व्यक्तींमध्ये कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले होते. त्याआधी, १९७८ मध्ये, डॉ. अशोक वैद्य, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीजाच्या चूर्णाने कंपवातावर केलेल्या उपचारांचा अभ्यास ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डॉ. वैद्य यांचे पुढील काम जुहू येथील भारतीय विद्या भवनच्या आयुर्वेद संशोधन केंद्रात व विलेपार्ले येथील कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात झाले. पश्चिम उपनगरातील या दोन संस्थांशी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ ही त्यांची संकल्पना जोडली गेली आहे. एरवी औषध प्रयोगशाळेतून प्राण्यांकडे आणि तेथून माणसाकडे येते. या पद्धतीत मात्र माणसांतील पिढ्यान्पिढ्यांच्या वापराची नीट नोंद करून सुरुवात करायची, नियंत्रित चाचणी घ्यायची आणि मग मागे जाऊन रेणू शोधायचा. कवचबीज हे तिचे चांगले उदाहरण ठरते.

या चूर्णाचे प्रमाणित रूप ‘एचपी-२००’ या नावाने तयार झाले. मूळच्या मुंबईच्या झंडू कंपनीने ते ‘झंडोपा’ म्हणून बाजारात आणले. त्याच्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ रुग्णांना बारा आठवडे साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात मिसळून दिवसातून तीन ते सहा वेळा देण्यात आली. त्यांपैकी ३४ जणांनी पूर्वी एल-डोपा घेतलेले नव्हते. लक्षणांच्या मोजपट्टीवर लक्षणीय सुधारणा दिसली, तक्रारी मुख्यतः पोटाच्या आणि सौम्य होत्या.

हे यश खरे, पण त्याची मर्यादाही तितकीच खरी. ही चाचणी खुली होती. काय घेतो आहोत हे रुग्णालाही माहीत होते आणि डॉक्टरलाही, शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कंपवातात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. औषध मिळाले या केवळ अपेक्षेनेही अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते, असे २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते.

लंडनमध्ये २००४ साली मात्र दुहेरी-अंध पद्धतीने आठ रुग्णांवर पडताळणी झाली. तीस ग्रॅम कवचबीजाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, तर नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपाला सुमारे ६९ मिनिटे लागली. परिणाम टिकलाही सरासरी ३७ मिनिटे अधिक. पण रुग्ण अवघे आठ, आणि प्रत्येक औषधाची एकेकच मात्रा. दीर्घकाळ वापराचा प्रश्न बोलिव्हियातील रुग्णांवरील अभ्यासात पुढे आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सोळा आठवड्यांच्या चाचणीत १४ पैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे वा हालचाली बिघडल्यामुळे चूर्ण सोडले.

याचे एक कारण सरळ आहे. डॉक्टर देतात त्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. ते एल-डोपाचे मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही. चूर्णात ते नसते. त्यामुळे मात्रा मोठी लागते आणि मळमळही वाढते.

खरी अडचण घराघरांत आहे. अंधेरी ते मुलुंडपर्यंत कोणत्याही उपनगरात मेंदूविकारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या गोळ्या चालू असताना एखादा हितचिंतक नातेवाईक कवचबीजाचा डबा आणून देतो. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ एवढाच त्याचा युक्तिवाद. परंतु मुंबईतील चाचण्यांनी नेमके उलट सांगितले आहे : हे चूर्ण गुण देते ते प्रामुख्याने त्यात तेच औषध आहे म्हणून. चाचणीतल्या पुडीतील एल-डोपाचे प्रमाण मोजलेले होते. खुल्या बाजारातील चूर्णाचे तसे असेलच असे नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १६ उत्पादनांच्या २०२२ मधील तपासणीत एका मात्रेमागे एल-डोपा २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले.

गोळी आणि चूर्ण मिळून मात्रा वाढली तर उभे राहताना रक्तदाब घसरून तोल जाणे, अंगाला अनावर हिसके बसणे, नसलेली माणसे दिसणे असे प्रकार घडू शकतात. कंपवाताबरोबर स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत भासांचा धोका अधिक. याउलट, त्रास होतो म्हणून एल-डोपा एकाएकी बंद करणेही घातक ठरते. तीव्र ताठरपणा, ताप आणि बेशुद्धीपर्यंत मजल जाऊ शकते. काही घरांत हेच चूर्ण ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून अल्झायमर्सच्या रुग्णालाही दिले जाते. त्याला आधार नाही, कारण अल्झायमर्स हा डोपामिनच्या उणिवेचा विकार नव्हे. आणि कंपवातातही एल-डोपा, मग ते बियांतले असो वा कारखान्यातले, लक्षणे आटोक्यात ठेवते. पेशींचा ऱ्हास थांबवते असे सिद्ध झालेले नाही.

घरात चूर्ण सुरू असेलच, तर पुढच्या तपासणीला तो डबा बरोबर नेणे उत्तम. किती चमचे, दिवसातून किती वेळा, गोळीच्या आधी की नंतर, आणि त्यानंतर हालचाल केव्हा सुधारते व केव्हा बिघडते, याची आठवडाभराची नोंद कागदावर असली की गोळीची मात्रा ठरवणे डॉक्टरांना सोपे जाते.